न मिळालेली सुट्टी : लाखनी परिसरातील चौदा एप्रिल

भंडाऱ्याहून साकोलीकडे जाताना मुंबई-कोलकाता महामार्गावर लाखनी लागते. चौदा एप्रिलच्या सकाळी या रस्त्याने जाणाऱ्याला दोन गोष्टी लगेच दिसतात. सरकारी कचेऱ्या आणि बँका बंद असतात, आणि वस्त्यांमधून निळे झेंडे, पताका, पांढऱ्या साड्या नेसून विहाराकडे निघालेल्या बायका, नवे कपडे घातलेली मुले असा सण उभा असतो. तिसरी गोष्ट रस्त्यावरून दिसत नाही. एखाद्या घरात विहारातून परत आलेली बाई मांडीवर सूप घेऊन बसलेली असते आणि दुपारपर्यंत निदान निम्म्या दिवसाच्या बिड्या तरी वळून व्हाव्यात म्हणून तिचे हात चाललेले असतात. कॅलेंडरवर हा दिवस लाल अक्षरात आहे. तिच्या हिशेबाच्या वहीत तो लाल नाही. तिथे जेवढ्या बिड्या, तेवढेच पैसे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती आज सार्वजनिक सुट्टीचा दिवस आहे. पण ज्यांनी हा दिवस उभा केला, त्यांतल्या बहुतेकांना त्या दिवशी सुट्टी मिळत नव्हती. त्यांनी ती घेतली, आणि घेतल्याची किंमत त्या दिवसाच्या मजुरीने मोजली. लाखनी आणि भंडारा जिल्ह्याच्या अनुषंगाने या घेतलेल्या सुट्टीचा इतिहास मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम कायद्याची बाजू पाहू. राज्य शासन दरवर्षी सार्वजनिक सुट्ट्यांची जी अधिसूचना काढते, ती परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ याच्या पंचविसाव्या कलमाखाली निघते. हा कायदा मुळात हुंडी, धनादेश, वचनचिठ्ठी यांचा. ज्या दिवशी हुंडीचे पैसे चुकते करण्याचे बंधन पेढीवर नसते, तो या कायद्याच्या भाषेत सुट्टीचा दिवस. म्हणजे आपल्याकडची सार्वजनिक सुट्टी ही मूलतः पेढीची सुट्टी आहे. पेढीशी आणि कचेरीशी ज्याचा रोजचा संबंध आहे, त्याच्यापर्यंत ती आपोआप पोहोचते. धानाच्या बांधीत राबणाऱ्या, मोहफुले वेचणाऱ्या, तेंदूपाने तोडणाऱ्या, बिड्या वळणाऱ्या माणसापर्यंत ती पोहोचेलच असे नाही. आणि एप्रिलचा मध्य म्हणजे या भागात मोहफुलांचा हंगाम नुकताच सरत आलेला आणि तेंदूपानांचा तोंडावर आलेला. ज्या समाजाने ही जयंती रुजवली, त्याचा मोठा भाग याच दुसऱ्या गटातला होता.

जयंतीची सुरुवात पुण्यातली मानली जाते. जनार्दन सदाशिव रणपिसे या कार्यकर्त्याने १४ एप्रिल १९२८ रोजी बाबासाहेबांची पहिली सार्वजनिक जयंती साजरी केली. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला तेव्हा वर्षच झाले होते आणि बाबासाहेब सदतीस वर्षांचे होते. हयात माणसाची, तीही इतक्या तरुण वयाच्या नेत्याची जयंती हा वेगळाच प्रकार होता. मात्र अशी प्रथा विदर्भात रुजण्यासाठी जी जमीन लागते, ती इथे आधीच नांगरलेली होती.

पूर्व विदर्भातला महार समाज केवळ गावकीच्या कामावर जगणारा नव्हता. या भागात त्याचा मोठा धंदा विणकामाचा होता. कोष्टी तलम विणत, महार जाडेभरडे कापड विणत. १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली, गिरणीचे कापड बाजारात आले आणि खेड्यातले माग हळूहळू थंडावले. विणकर गिरणीत गेले, रेल्वेत गेले आणि विसाव्या शतकात हजारोंनी बिडीच्या धंद्यात शिरले. भंडारा आणि गोंदियाच्या जंगलात तेंदूपान मुबलक, आणि हात स्वस्त. यातून एक वेगळी गोष्ट घडली. गावच्या बलुत्यापेक्षा रोख मजुरीवर जगणारा, शहराशी ये-जा असलेला, संघटित होऊ शकणारा वर्ग तयार झाला. किसन फागुजी बनसोडे यांनी नागपुरात वृत्तपत्रे आणि शाळा काढल्या. गोंदियाचे कालीचरण नंदागवळी आणि अमरावतीकडचे गणेश आक्काजी गवई मध्य प्रांताच्या कायदेमंडळात बसले. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते, हे लक्षात ठेवायला हवे. ३० मे ते १ जून १९२० या काळात राजर्षी शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली नागपुरात अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली आणि तिथे तरुण आंबेडकर विदर्भातल्या कार्यकर्त्यांसमोर आले.

या पिढीतले आपल्या विषयाशी सर्वांत जवळचे नाव म्हणजे कामठीचे बाबू हरदास लक्ष्मणराव नगराळे. १९०४ साली जन्मलेले आणि १९३९ साली वयाच्या पस्तिशीतच गेलेले हरदास बिडी कामगारांचे पुढारी होते. ठेकेदार मजुरी कापतात, खराब ठरवून बिड्या वगळतात आणि त्याच पुन्हा विकतात, याविरुद्ध त्यांनी मध्य प्रांतातल्या बिडी कामगारांना संघटित केले. १९३७ च्या निवडणुकीत ते कायदेमंडळावर निवडून आले. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेयही त्यांनाच दिले जाते. आज चौदा एप्रिलला लाखनीपासून लंडनपर्यंत जो शब्द तोंडोतोंडी असतो, तो बिडी कामगारांच्या पुढाऱ्याने दिलेला आहे. जोहार घालणाऱ्याची मान आपोआप खाली जाते. जय भीम म्हणणारे दोघे समोरासमोर उभे असतात. जयंतीच्या सगळ्या विधींमध्ये हा एक बदल सर्वांत खोल गेला आणि त्यासाठी कुठल्याही शासन निर्णयाची गरज पडली नाही.

१८ ते २० जुलै १९४२ या काळात नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. त्याच मांडवात २० जुलैला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिलांची स्वतंत्र परिषद भरली. भंडाऱ्यासारख्या जवळच्या जिल्ह्यात त्यानंतर फेडरेशनचे काम खेड्यांपर्यंत गेले. त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. १९४४ साली त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात कारखाना कायद्याची एक दुरुस्ती मांडली आणि ती १९४५ मध्ये मंजूर झाली. बारमाही कारखान्यात सलग वर्षभर काम केलेल्या प्रौढ कामगाराला दहा दिवसांची भरपगारी रजा, असा तिचा गाभा होता. ज्यांच्या नावाने आपण आज सुट्टी घेतो, त्यांनी या देशातल्या कामगाराला पगारी सुट्टीचा हक्क कायद्याने मिळवून दिला. जयंतीच्या भाषणांत ही गोष्ट फार कमी वेळा येते. आणि त्या कायद्याची मर्यादाही तितकीच बोलकी आहे. घरी बसून बिडी वळणारी बाई ना कारखान्यात मोडत होती, ना तिचे काम बारमाही धरले जात होते. बिडी कामगारांच्या सेवाशर्तींचा वेगळा कायदा व्हायला १९६६ साल उजाडावे लागले.

यानंतरचा प्रसंग थेट भंडाऱ्याचा आहे. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत मुंबईत बाबासाहेबांचा काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांनी पराभव केला. दोन वर्षांनी, मे १९५४ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली आणि बाबासाहेब तिथून उभे राहिले. भंडारा तेव्हा महाराष्ट्रात नव्हता. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात होता. मतदारसंघ द्विसदस्य, म्हणजे एक जागा सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता होते आणि त्यांच्याशी फेडरेशनचा समझोता होता. राखीव जागेवर बाबासाहेबांविरुद्ध काँग्रेसचे भाऊराव बोरकर.

त्या वर्षीचा चौदा एप्रिल, बाबासाहेबांचा त्रेसष्टावा वाढदिवस, मतदानाच्या अवघ्या काही आठवडे आधी आला. या निवडणुकीची जी आठवण भंडाऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, ती अशी : आपल्या लोकांनी एक मत बाबासाहेबांना द्यावे आणि दुसरे कुणालाच न देता वाया घालवावे, म्हणजे आकड्यांचा फायदा होईल, असे कार्यकर्त्यांनी सुचवले. त्या काळच्या भाषेत याला मत कुजवणे म्हणत. बाबासाहेबांनी ते साफ नाकारले. ज्याने घटनेत प्रत्येकाला मताचा अधिकार लिहिला, त्याने ते मत कुजवायला कसे सांगावे, असा त्यांचा मुद्दा होता. निकाल लागला तेव्हा अशोक मेहता निवडून आले आणि बाबासाहेब आठ हजारांहून अधिक मतांनी पडले. फेडरेशनच्या लोकांची दुसरी मते मेहतांना गेली. मेहतांच्या मतदारांची दुसरी मते तितक्या प्रमाणात बाबासाहेबांकडे आली नाहीत, असाच या निकालाचा अर्थ भंडाऱ्यात लावला गेला. लोकसभेत जाण्याचा बाबासाहेबांचा तो शेवटचा प्रयत्न ठरला.

या पराभवाचे ओझे भंडारा जिल्ह्यातल्या जयंतीवर आहे, असे मला वाटते. इतर ठिकाणी चौदा एप्रिल हा विजयाचा दिवस असतो. इथे त्याला एक हळवी कड आहे. आमच्या जिल्ह्याने बाबासाहेबांना पाडले, हे वाक्य जुन्या माणसांच्या बोलण्यात खंतीने येते, जणू त्यांनी स्वतः हात आखडता घेतला होता. वास्तविक त्यांनी दोन्ही मते प्रामाणिकपणे दिली होती. सांगितल्याप्रमाणे वागणारे हरले, ही त्या निवडणुकीची शोकांतिका आहे, आणि तरीही मत कुजवले नाही याचा अभिमानही त्याच आठवणीत आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली. भंडारा जिल्ह्यातून माणसे पायी, बैलगाडीने, रेल्वेने गेली. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. दोन महिन्यांच्या आत घडलेल्या या दोन घटनांनी जयंतीचे रूपच पालटले. आजवर ती हयात नेत्याच्या कौतुकाची सभा होती. आता ती नव्या धम्माच्या पंचांगातला मुख्य दिवस झाली. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आत होती. १९६१ मध्ये ती सत्तावीस लाखांच्या पुढे गेली. ज्या घरांनी देव्हाऱ्यातले देव उतरवले, त्यांच्या वर्षात सणांची मोठी पोकळी निर्माण झाली. पोळा, दसरा, दिवाळी ही सगळी चक्रे गावगाड्याशी जोडलेली होती, आणि त्या चक्रात त्यांची जागा ठरलेली होती. ती जागा सोडायची तर वर्षात दुसरे काही हवे होते. चौदा एप्रिल, बुद्धपौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि सहा डिसेंबर यांनी ती पोकळी भरली. नवे कपडे, पाहुणे, गोडधोड, लेकीबाळींचे माहेरी येणे, हे सारे या दिवसांकडे सरकले. दिवाळी अंकाच्या वाचकाने हे ध्यानात घ्यावे की आपल्याच जिल्ह्यात असंख्य घरांची दिवाळी एप्रिलमध्ये असते.

याला या मातीत आणखी एक आधार मिळाला. जिल्ह्यातल्याच पवनी येथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी केलेल्या उत्खननात प्राचीन स्तूपाचे अवशेष सापडले. नवदीक्षित म्हणून ज्यांना हिणवले जात होते, त्यांना आपल्या वैनगंगेच्या काठीच दोन हजार वर्षांपूर्वीचा बुद्ध मिळाला.

सरकारी मान्यता मात्र सावकाश आली. १९९० साली बाबासाहेबांना मरणोत्तर भारतरत्न दिले गेले, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात त्यांचे तैलचित्र लागले, आणि १४ एप्रिल १९९० पासूनचे वर्ष सामाजिक न्याय वर्ष म्हणून पाळले गेले. केंद्र सरकार तर पुढेही कितीतरी वर्षे या दिवसाच्या सुट्टीचा वेगळा आदेश दरवर्षी काढत राहिले.

अमेरिकेतली गोष्ट या बाबतीत शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. मार्टिन लूथर किंग यांच्या स्मरणार्थ सुट्टीचा कायदा तिथे नोव्हेंबर १९८३ मध्ये झाला आणि १९८६ पासून जानेवारीचा तिसरा सोमवार राष्ट्रीय सुट्टी म्हणून पाळला जाऊ लागला. पुढे १९९४ मध्ये, हा दिवस नुसता विश्रांतीचा न राहता सेवेचा व्हावा, म्हणून आणखी एक कायदा करावा लागला. सुट्टी आली, पण तिला आशय देण्याची चिंता राहिली. आपल्याकडे उलट क्रम दिसतो. आशय आधी होता, लोक तो साठ वर्षे जपत होते आणि कागद नंतर आला.

आशयाची परीक्षा भंडाऱ्यात फार क्रूर रीतीने झाली. २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजी गावात एका दलित बौद्ध कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे यांची गावातल्या जमावाने हत्या केली. मुले शिकत होती. घर स्वतःची जमीन कसत होते आणि त्या जमिनीच्या हक्कासाठी उभे राहत होते. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीच्या जागी पंचवीस वर्षांची कैद दिली. हा गुन्हा सूडातून घडला, असे मानून अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे लागू झाली नाहीत. जातीमुळे घडलेली गोष्ट जातीमुळे घडली, असे कागदावर आले नाही, याची जखम जिल्ह्यातल्या बौद्ध वस्त्यांमध्ये अजून ओली आहे. त्यानंतरच्या जयंत्यांमध्ये मिरवणुकीइतकेच महत्त्व कायद्याच्या माहितीला आले. तक्रार कशी नोंदवावी, कलमे कोणती, पंचनाम्याची प्रत कशी मागावी, यावर व्याख्याने होऊ लागली. शिका, संघटित व्हा हे शब्द त्या वस्त्यांमध्ये भिंतीवरच्या घोषणेपुरते राहिले नाहीत. कारण शिकणे आणि जमिनीवरचा हक्क सांगणे याचीच शिक्षा एका कुटुंबाला झालेली त्यांनी पाहिली होती.

लाखनी, मुरमाडी, पालांदूर, पोहरा या भागात आज जयंती साधारण एकाच क्रमाने होते. तेरा तारखेच्या रात्री बारा वाजता विहारात किंवा पुतळ्यापाशी लोक जमतात, मेणबत्त्या लागतात, हल्ली केकही कापला जातो. सकाळी पंचशील ध्वज चढतो, त्रिशरण-पंचशील होते. दुपारी उन्हाने रस्ते ओस पडतात. संध्याकाळी मिरवणूक निघते. लेझीम, भजनी मंडळ, भीमगीते आणि कव्वाल्या असतात. वामनदादा कर्डकांनी जन्मभर गावोगाव फिरून जी गाणी लावली, तिच्याच वाटेने आजचे गायक चालतात. वाटेत सरबत, मठ्ठा, थंड पाणी वाटणाऱ्यांत आता इतर समाजांतली मंडळेही दिसतात, आणि ११ एप्रिलच्या फुले जयंतीपासून सुरू झालेला सप्ताह या दिवशी पुरा होतो.

वादही आहेत. कर्णकर्कश डीजेवर लागणारा वर्गणीचा पैसा वाचनालयाला द्यावा, असे जुनी पिढी म्हणते. तरुण म्हणतात, ज्या रस्त्यावरून आमच्या पणजोबांना मान खाली घालून जावे लागे, त्या रस्त्यावर एक दिवस आवाज चढला तर काय बिघडले? दोघांचेही म्हणणे खरे आहे, आणि दोघांनाही एक उत्तर आधीच मिळालेले आहे. बाबासाहेब दिवसाचे अठरा तास अभ्यास करीत, या आठवणीवरून महाराष्ट्रात ठिकठिकाणी अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. पहाटेपासून रात्रीपर्यंत मुले-मुली वाचनालयात, विहारात, महाविद्यालयाच्या सभागृहात सलग वाचत बसतात. सुट्टीच्या दिवशी अठरा तास काम! सुट्टी या शब्दाचा याहून वेगळा अर्थ क्वचितच कुणी लावला असेल. विभूतिपूजेविषयी बाबासाहेबांनी संविधान सभेतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात जो इशारा दिला होता, त्याला या वाचणाऱ्या मुलांनी दिलेले हे उत्तर आहे.

आता पुन्हा त्या सूप घेऊन बसलेल्या बाईकडे येऊ. तिच्या आजीने चौदा एप्रिलला काम बंद ठेवले असेल, तर त्या दिवसाची मजुरी गेली. तिच्या आईचीही गेली. वर्षाला एक दिवस, दोन-तीन पिढ्या, आणि असे हजारो हात. ती सगळी बुडालेली मजुरी एकत्र मांडता आली, तर या जयंतीची खरी वर्गणी किती, हे कळेल. पावती पुस्तकात तिची नोंद नाही. आज ती बाई सकाळी विहारात जाऊन येते, दुपारी निम्मी मजुरी वाचवते आणि संध्याकाळी मिरवणुकीत चालते. तिची मुलगी त्या दिवशी सूप हातात घेत नाही. ती वाचनालयात अठरा तासांच्या बैठकीला बसलेली असते. आई तिला उठवत नाही. घरातली एक मजुरी त्या दिवशी अजूनही बुडते, आणि ती कुणी मोजत नाही.